पान चौसष्टचे शुभेच्छुक

वय सोळा. उंची साडेआठ इंच. पाठीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी.

·

मायाच्या कॉम्प्युटरवर 'मुंडकी' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात अकराशे त्रेचाळीस माणसं खांद्यापासून वर कापून ठेवलेली आहेत. बऱ्याच जणांनी गॉगल घातलाय. सात जण आता हयात नाहीत. त्यांना वेगळं काढायचं राहून गेलंय.

·

'हे बघा आपल्या गावाबद्दल काय लिवलंय. जागे व्हा. पुढं पाठवा.' सकाळी सात चाळीस. ग्रुप: आपली निंबुळवाडी. सोबत एका पानाचा फोटो. अंगठे बावन्न.

·

मिरजेत एका गच्चीवर तंबोऱ्याचे भोपळे मांडून ठेवले होते आणि त्यांच्यामधून वाट काढत एक निवृत्त नर्स धुणं वाळत घालत होती.

·

दाखल क्रमांक १८२७. कपाट चौथे. शेरा: अध्यक्षांच्या तोंडी सूचनेवरून बाजूला ठेवले.

·

विषय: वाढदिवस शुभेच्छा फलक, पंधरा बाय दहा, एसटी थांब्याजवळ, मुदत पाच दिवस. ग्रामसेवकाने न वाचता सही केली. वाढदिवसाच्या अर्जात वाचण्यासारखं काय असतं?

·

पांढऱ्यावर काळं आणि कोपऱ्यात फोटो, हे गावात एकाच कामासाठी वापरतात.

·

सगळं सुरू झालं ते पान चौसष्टपासून.

पुस्तकाचं नाव 'निंबुळवाडीचं पाणी'. लिहिणारी पारूबाई, मायाची सख्खी आत्या. निंबुळवाडीच्या बौद्धवाड्यात जन्मली, मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स झाली, निवृत्तीनंतरही मिरजेतच राहिली. बाहत्तरच्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यातलं गाव तिने पुस्तकात जसंच्या तसं उतरवलं. चौसष्टाव्या पानावर असं आहे, की नाथाजीरावांनी गावविहिरीच्या फाटकाला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली, आणि बौद्धवाड्यातल्या बायका दोन दिवस रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसून राहिल्या.

विहिरीवरच्या दगडात मात्र कोरलंय, की श्री. नाथाजीरावांनी ही विहीर सर्वांसाठी खुली केली.

दगडावरचं आणि पानावरचं सोळा वर्षं एकाच गावात सुखाने नांदलं. दगड वाचणारे पुस्तक वाचत नव्हते आणि पुस्तक वाचणारे दगडाकडे बघून गालात हसत होते. यंदा कुणीतरी पान चौसष्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पान पासष्टचा टाकला नाही. पासष्टवर असं आहे, की तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक बाई पहार घेऊन आली, तिने कुलूप मोडलं आणि पहिली घागर स्वतःच्या हाताने शेंदून दिली. बाईचं नाव पुस्तकात कुठेच नाही. 'हिरव्या लुगड्यातली' एवढंच.

नाथाजीरावांचे चिरंजीव हंबीरराव, म्हणजे गावाचे आबा, वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी फोनवर एक पान वाचलं आणि ग्रंथपाल अर्जुनाला सांगितलं, "ते पुस्तक काढ. दोनी प्रती." अर्जुनाने काढल्या, लोखंडी कपाटात ठेवून किल्ली आबांना दिली. पण अर्जुना रजिस्टरचा माणूस. वाचनालयात पाल जरी मेली तरी तिची नोंद व्हायची. त्याने शेरा मारला आणि खाली तारीख टाकली.

मायाचं दुकान कडेगावात, स्टँडसमोर. माया आर्ट्स. सांगलीला दोन वर्षं डिझाईन शिकून आली तेव्हा तिला पुस्तकांची मुखपृष्ठं करायची होती. नशिबाला आले वाढदिवस. भावी सरपंचांचे, आजी सभापतींचे, एकदा एका बैलाचाही. नवरा प्रशांत फ्लेक्स कराडहून छापून आणायचा आणि बांबूवर चढवायचा. पंचक्रोशीत कुणाला मिश्या आल्या, कुणाचे केस गेले, हे त्या दोघांना घरच्यांच्या आधी कळायचं.

बातमी कळली तशी माया मिरजेला गेली.

"आत्या, तू बोलत का न्हाईस?"

"काय बोलू?" पारूबाई चादर झटकत म्हणाली. "ह्या भोपळ्यावर पाणी सांडू नको, मालक वरडतो."

"ती बाई कोण हुती ते सांग. एका दिवसात सगळी गप बसतील."

"ते सांगणार न्हाई."

"का पण?"

"शब्द दिलाय. तिला त्याच घरात नांदायचं हुतं."

"मग अर्ज तरी कर."

"अर्ज?" पारूबाईने चादर दोरीवर टाकली आणि चारी टोकं सारखी केली, दवाखान्यातल्या खाटेवर करायची तशी. "पाण्यासाठी लय हात पसरून झालं, माये. आता पुस्तकासाठी न्हाई. पुस्तक माझं हाय, कपाट त्यांचं. काय करायचं ते कपाट बघंल."

कपाटाच्या भरवशावर बसणं मायाला जमणारं नव्हतं. वाचनालयाच्या चार कपाटांत दोन हजारांवर पुस्तकं होती आणि बौद्धवाड्यातल्या बाईचं नाव पाठीवर असलेलं एकच. अठराव्या वर्षी ते नाव तिने काचेतून पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा अर्जुना हाकलून देईपर्यंत ती तिथेच उभी होती. तिला ते पुस्तक त्याच कपाटात, त्याच काचेमागे परत हवं होतं. बाकी काही नको.

फाईल: पारू_१

पहिलं डिझाईन तिने अगदी मनापासून केलं. पांढरी जमीन. त्यावर पान चौसष्ट, मोठं. एकेका ओळीवर काळी पट्टी. सगळ्या पट्ट्यांमधून एकच शब्द उघडा ठेवलेला: पाणी. खाली कोपऱ्यात पारूबाईचा कृष्णधवल फोटो. सांगलीचे सर असते तर पाठ थोपटली असती.

तिने ते सकाळी स्टेटसला ठेवलं. दहा मिनिटांत पहिला फोन आला.

"कवा गेल्या गं?"

"कोण?"

"पारूअक्का. माती किती वाजता हाय?"

मग फोन थांबेचनात. माजी सुभेदार धनाजी निंबुळवाडीहून हार घेऊन निघालेसुद्धा. त्यांना विट्याच्या पुलावर गाठून परत पाठवावं लागलं. मायाने स्टेटस काढलं. तेवढ्यात खुद्द पारूबाईचा फोन.

"रंगुबाईनं मला फोन लावला, रडायला. मी 'हॅलो' म्हटलं तर बया फोन टाकून पळाली."

"चुकलं आत्या. पांढऱ्यावर काळं घेतलं मी."

"मी मेले न्हाई, माये. आनी पुस्तक बी मेलं न्हाई. जित्या माणसाचं काय छापतेस तू?"

"वाढदिवस."

मग पारूबाई हसायला लागली, आणि मायाने समोरच्या कॅलेंडरवर पुस्तकाची तारीख शोधली. एकवीस नोव्हेंबर. तीन आठवडे होते.

फाईल: पारू_२_वाढदिवस

त्या भागात एक गोष्ट सगळे पाळतात. वाढदिवसाचा फ्लेक्स एकदा लागला, की मुदत संपेपर्यंत कुणी उतरवत नाही. विरोधी पार्टीचा असला तरी नाही. पोस्टर फाडलं तर कागद फाटतो. फ्लेक्स फाडला तर त्यावरच्या प्रत्येक शुभेच्छुकाच्या थोबाडीत बसते, आणि ज्यांच्या बसली ते सगळे संध्याकाळी मोटरसायकली घेऊन दारात उभे राहतात. त्यामुळे फाटका फ्लेक्स शिवायलाही लोक येतात, पण फाडायला कुणी येत नाही.

मायाने वाढदिवसाच्या फ्लेक्सला लागतं ते सगळं घेतलं. सोनेरी किरण, गुलाबाच्या पाकळ्या, फुगलेली अक्षरं. जिथे नेता हात वर करून चालत येतो तिथे तिने पुस्तक उभं केलं, माणसापेक्षा उंच.

"ती चिकटपट्टी पुसू का?" प्रशांतने विचारलं.

"राहू दे. वाचलंय लोकांनी."

मजकूर तिने एका बैठकीत लिहिला.

*पान चौसष्ट व पान पासष्ट या दोन्ही पानांचे धनी, बौद्धवाड्याचे भूषण, अख्ख्या गावाची सावली, मा. 'निंबुळवाडीचं पाणी' यांना सोळाव्या वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! सध्या मुक्काम: लोखंडी कपाट, कुलूपबंद. शुभेच्छुक: समस्त वाचक.*

प्रशांतने तो मोठ्यांदा वाचला, दोनदा. मग खुर्ची ओढून बसला. "आता मुंडकी. फोल्डरात सगळी हायती. वढू का पन्नास?"

"न्हाई. इचारून."

"आजपतूर कुणाला इचारलंय आपण?"

"न्हाई इचारलं."

खरंच नव्हतं. कार्यकर्ता यादी द्यायचा आणि माया माणसं ओढायची. दोघंतिघं तर आयुष्यात न भेटलेल्या पुढाऱ्यांचे शुभेच्छुक होऊन बसले होते. पण या फ्लेक्सवर प्रत्येक तोंड स्वतःच्या पायाने आलेलं असलं पाहिजे, असं तिने ठरवलं. नाहीतर त्याला काही वजन राहणार नव्हतं.

वाचक कोण, ते रजिस्टरात होतं. अर्जुना तिला म्हणाला, "मी रजिस्टर दावणार न्हाई. नियमात बसत न्हाई. मी आता च्या प्यायला निघालोय, रजिस्टर टेबलावर हाय, आनी मला च्या प्यायला अर्धा तास लागतो."

पुस्तक एकसष्ट वेळा बाहेर गेलं होतं. चौतीस माणसांकडे.

माया दारोदार फिरली. काही दारं उघडली आणि विषय निघताच लोटली गेली. एकजण म्हणाला, "नाव टाक, फोटू नको." दुसरा म्हणाला, "फोटू टाक, नाव नको. गॉगलातला टाक, म्हंजे कुणी वळखायचं न्हाई." रंगुबाई अजून पारूबाईच्या फोनवरून सावरली नव्हती. "जित्या हायत न्हवं नक्की?" तिने आधी खात्री करून घेतली, मग पदर डोक्यावरून घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. "काढ. माझी आई बसली हुती त्या उन्हात."

सुभेदार धनाजींनी वर्दीतला फोटो दिला.

"आबा इचारतील, धनाजीकाका."

"इचारू दे. बर्फात बसून पहारा केलाय मी. हितं एका विहिरीसाठी मागं सरू व्हय?"

चौतिसांपैकी एकोणीस जण हो म्हणाले. मायाने त्यांच्या नावाखाली 'युवा नेते' किंवा 'समाजसेवक' लिहिलं नाही. पुस्तक किती वेळा नेलं, ते लिहिलं. धनाजी, दोनदा वाचलं. रंगुबाई, नातवाकडून वाचून घेतलं. संयोगिता, तीनदा वाचलं, एकदा रडले.

एका नावाकडे ती गेली नाही. राजनंदिनी, हंबीररावांची धाकटी मुलगी. कॉलेजला कराडला जायची. तिने पुस्तक चार वेळा नेलं होतं. तिच्या घरात कशाला काडी टाकायची, म्हणून मायाने ते नाव सोडून दिलं.

फाईल: पारू_फायनल_छपाई

चूक घडली ती अशी.

एकोणीस गोल बसवायला प्रशांतने जुना, वीस गोलांचा साचा घेतला होता. त्या साच्यात उजवीकडे खाली, विसाव्या गोलात, कायम हंबीरराव असायचे, खाली 'मार्गदर्शक'. एका निवडणुकीत चुकून त्यांचा फोटो राहिला होता आणि आठवडाभर बोलणी खावी लागली होती, तेव्हापासून मायानेच तो गोल साच्यात कुलूप घालून ठेवला होता, काही केल्या हलू नये असा. या फाईलपुरता तिने तो स्क्रीनवर झाकला, पुसला नाही. आणि कराडला पाठवण्याआधी काही लपलेलं राहायला नको म्हणून सगळं उघडून घ्यायची प्रशांतची सवय. त्याने उघडून घेतलं.

फ्लेक्स अठरा तारखेला सकाळी सातला लागला. प्रशांत खाली उतरला, हात झटकले, वर बघितलं आणि म्हणाला, "आयला."

वीस शुभेच्छुक होते. विसावे, मार्गदर्शक, हंबीरराव आबा, हात जोडून, हसत.

तोवर माणसं जमली होती. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीसकट रस्त्यात थांबून सगळा मजकूर वाचला. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. "आबांनीच कुलपात टाकलं आनी आबाच शुभेच्छुक!" "आरं, मोठा माणूस हाय त्यो." "मन लय मोठं." नऊ वाजेपर्यंत अंगठे शंभराच्या वर गेले.

माया कडेगावहून पोचते न पोचते तोच फोन वाजला. हंबीरराव. तिने शिव्या ऐकायची तयारी करून फोन कानाला लावला.

"माया, पोरी, बेस्ट झालाय फ्लेक्स."

तिने वर विसाव्या गोलाकडे बघितलं.

"सकाळधरनं फोन येत्यात मला. आमदारांच्या पीएचा बी आला. सगळी म्हणत्यात, आबा, तुमी मोठेपणा दावला. ऱ्हाऊ दे फोटो."

"आनी पुस्तक, आबा?"

"पुस्तकाचं काय एवढं घिऊन बसलीस? फ्लेक्स लागला, नाव झालं. झाला की मान."

"कपाटात कवा येतंय?"

"ते बघू," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रशांत खुशीत होता. "लॉटरी लागली गं! आता खुद्द आबांचंच तोंड हाय म्हटल्यावर फ्लेक्सला हात लावायची कुणाची टाप हाय?"

मायाने फ्लेक्सकडे पाहिलं. एवढं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. अक्षरं थांब्यापलीकडून वाचता येत होती, पुस्तक खरोखर चालत येतंय असं वाटत होतं, आणि कोपऱ्यातले आबा पुस्तकाच्या बापासारखे हसत होते.

"प्रशांत," ती म्हणाली, "विहिरीवर दगड कसा बसला असंल, ते आज कळलं मला. पुस्तक कुलपात, आनी कुलूप घालणारा फ्लेक्सवर. त्योच दगड आज आपण परत बसवला. छापून, रंगीत."

प्रशांतचं हसू उतरलं. त्याने टेंपोतून शिडी काढली.

"मी चढते," माया म्हणाली.

"तू? आजवर कवा—"

"गोल माझा हाय. मीच काढते."

टेंपोत पांढऱ्या चिकट विनाइलचा गुंडाळा होता. तिने तिथेच रस्त्यावर परात मागून घेतली, समोरच्या भज्याच्या गाड्यावरून. ती उपडी ठेवून पेनाने गोल आखला, कात्रीने कापला. पदर खोचला आणि शिडी चढली. खाली चाळीस-पन्नास माणसं. फ्लेक्सच्या तोंडाजवळ गेल्यावर फक्त ठिपके दिसतात, तोंड दिसत नाही. तिने हाताने चाचपून हंबीररावांची कड शोधली आणि वरून खाली, बुडबुडा राहू न देता, गोल चिकटवला. मग खालच्या 'मार्गदर्शक'वर पट्टी.

उजवीकडे खाली एक पांढरा, कोरा गोल उरला. बाकी सगळ्या झगमगाटात डोळा आधी तिथेच जायचा.

दहा मिनिटांत जीप आली.

"माझा फोटो काढलास? माझ्या गावात?" हंबीरराव दार उघडं टाकूनच उतरले.

"काढला न्हाई आबा, झाकला." माया अजून शिडीच्या खालच्या पायरीवर होती. "ह्या फ्लेक्सवरच्या एकोणीस जणांना मी घरी जाऊन इचारलंय. तुमाला इचारलं न्हवतं. ती माझी चूक. मी चारचौघांत दुरुस्त केली."

"मी ऱ्हाऊ दे म्हटलं हुतं की!"

"मग पुस्तक वाचून सांगा ऱ्हाऊ दे म्हणून. वाचकाचा फ्लेक्स हाय ह्यो. किती येळा वाचलं ते खाली लिवावं लागतं. तुमच्या खाली काय लिवू?"

मागून कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसू दाबलं.

"उतरवा रं ह्यो!" हंबीररावांनी आपल्या दोन पोरांना हाक दिली. पोरं पुढे आली आणि फ्लेक्सखाली थबकली. वर सुभेदार धनाजी वर्दीत होते, आणि खालीही धनाजीच उभे होते, हाताची घडी घालून.

"आबा," धनाजी शांतपणे म्हणाले, "आमची तोंडं हायती त्याच्यावर."

एवढंच. रंगुबाई येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग संयोगिता. मग गॉगलवाला, गॉगल घालून. त्याला सगळ्यांनी ओळखलं. पोरं मागे सरली. दोघांचेही वाढदिवस मायाच्याच फ्लेक्सवर साजरे झाले होते. फ्लेक्स उतरवणं म्हणजे काय, ते त्यांना सांगायला नको होतं.

तेवढ्यात विट्याची एसटी थांबली आणि पारूबाई उतरली. मिरजेहून पहाटे निघाली होती, पांढरं शुभ्र पातळ, खांद्याला पिशवी. तिने गर्दीकडे बघितलं नाही. रस्ता ओलांडला, पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि फ्लेक्स सावकाश, डावीकडून उजवीकडे, एकेक तोंड मोजत वाचला.

"ह्यो एक मोकळा का?" तिने मायाला विचारलं.

उत्तर दुसरीकडून आलं. राजनंदिनीची स्कूटी गर्दीत घुसली. मागे तिची आजी, मनुबाई, हंबीररावांची आई. एक्याऐंशी वर्षांची. नातीच्या खांद्याला धरून ती उतरली.

"त्यो माझ्यासाठी मोकळा हाय," मनुबाई म्हणाली. "पोरी, फोटू काढ माझा."

"आये, तू घरी चल," हंबीरराव पुढे झाले. "तुला न्हाई कळायचं ह्यातलं."

"मला न्हाई कळायचं?" मनुबाई थांबली. "ह्या नंदीनं चार येळा वाचून दावलंय मला ते पुस्तक. तू किती वाचलंस?"

"एक पान वाचलंय की! बापाची बदनामी—"

"एक पान. पान पलटायला हात मोडला हुता का तुझा? म्होरल्या पानावर कुलूप मोडलंय. ते कुणी मोडलं?"

"मला काय ठावं?"

"मी मोडलं."

रस्त्यावर फक्त ट्रॅक्टरचं इंजिन सुरू होतं. ड्रायव्हरने ते बंद केलं.

"तू आठ वरसांचा हुतास. तुला पाळण्याच्या खोलीत कोंडून मी पहार घेतली. तुझ्या बापानं त्यानंतर सा म्हयनं माझ्याशी बोलनं टाकलं, आनी मग पाच वरसांनी दगड बसवला. मी काय बोलले न्हाई. घर हुतं, नांदायचं हुतं. आता कशाची भीती हाय मला?"

पारूबाई रस्ता ओलांडून अलीकडे आली होती. "वैनी," ती म्हणाली, "मी नाव घेतलं न्हाई हां तुमचं. कुठंच."

"ठावं हाय गं. अख्खं पुस्तक ऐकलं, माझ्या नावाची वाट बघत." मनुबाईने तिचा हात धरला. "तू शब्द पाळलास. म्हणून तर मला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं. न्हाईतर लोकं म्हणली असती, पारूनं लिवलं."

मायाने फोटो काढला. मनुबाई हसली नाही. हनुवटी वर करून, थेट बघत उभी राहिली. 'मुंडकी' फोल्डरातल्या अकराशे त्रेचाळीस माणसांत असं कुणीच उभं राहिलं नव्हतं.

"खाली काय लिवू, आज्जी? आबांच्या मातोश्री?"

"ते कशाला? सगळ्यांच्या खाली काय लिवलंय?"

"वाचलं म्हणून."

"मला वाचाय येत न्हाई. ऐकलं म्हण."

प्रशांत कराडला गेला आणि चारच्या आत परत आला. कोऱ्या गोलावर नवा गोल मायानेच चढून लावला. *मनुबाई. चारदा ऐकलं.* खाली उतरल्यावर ती रस्त्यापलीकडे गेली, जिथे सकाळी आत्या उभी होती तिथे, आणि बघत राहिली. सोनेरी किरण, पाकळ्या, फुगलेली अक्षरं; वर्षानुवर्षं ज्या सामानाची तिला लाज वाटायची ते सगळं तिथे होतं. त्यातलं काहीही कमी करावं, असं तिला वाटलं नाही. लोक फ्लेक्ससमोर उभे राहून फोटो काढत होते. रंगुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला गोल बोटाने दाखवत होती. पारूबाई म्हणाली, "अक्षर झ्याक आलंय हां, माये," आणि तेवढ्यावर मायाचा ऊर भरून आला. सांगलीचे सर काय म्हणाले असते, याची तिला आठवणही झाली नाही.

हंबीरराव केव्हाच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जुनाचा फोन आला. सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच आबा पायरीवर येऊन बसले होते. म्हणाले, ते पुस्तक दे, वाचायचंय.

"मी म्हटलं, आबा, देता येत न्हाई," अर्जुना सांगत होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच, रजिस्टरच्या रेघेत चालणारा. "बाजूला ठेवलेलं पुस्तक वाचकाला देता येत न्हाई. आधी कपाटात लागाय पायजे. किल्ली तुमच्याकडं हाय. नियम तुमच्याच सहीचा हाय."

"मग?"

"मग बसले जरा. मग किल्ली दिली. मी दोनी प्रती कपाट चारमधी लावल्या, शेरा खोडला, वर तारीख टाकली. एक प्रत आबांनी घरी नेली, एक काचेत हाय. तुझ्या आत्याचं नाव म्होरं येईल अशी लावलीय. तशी पद्धत न्हाई, पण लावलीय."

माया फोन ठेवून प्रशांतकडे वळली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातला बांबू खाली ठेवला.

पारूबाईने ते पुस्तक मिरजेच्या दवाखान्यात, ड्यूटी बदलताना मिळणाऱ्या अर्ध्या तासात, रद्दीत निघालेल्या केसपेपरांच्या कोऱ्या बाजूवर, तेवीस आठवड्यांत लिहिलं होतं.